चेंबूर : पायाखालची जमीन कोणाची?

रविवारी सकाळी चेंबूर स्टेशनातून बाहेर पडावं आणि पोटात भूक असावी. अर्ध्या तासाच्या पायपिटीत तीन प्रांतांची न्याहारी होते. सिंधी कॅम्पात दाल पकवानच्या दुकानासमोर माणसं द्रोण हातात धरून उभी असतात, पकवानाचा कुरकुरीत तुकडा मोडून चणाडाळीत बुडवत. छेडा नगरच्या टेकाडावरच्या मुरुगन देवळाकडे निघालं की वाटेत मोगऱ्याचे गजरे, केळीची पानं आणि फिल्टर कॉफीचा वास. आणि घाटला गावाच्या गल्लीत शिरलं की कोणाच्या तरी स्वयंपाकघरातून सुक्या बोंबलाचा दरवळ येतो. या सगळ्या वाटेवर आणखी एक गोष्ट पावलोपावली दिसते, ती म्हणजे इस्टेट एजंटांच्या पाट्या.

एजंटाचे प्रश्न ठरलेले असतात. बजेट किती? फॅमिली की बॅचलर? व्हेज की नॉनव्हेज? पार्किंग एक की दोन? गिऱ्हाइकाचेही प्रश्न ठरलेले. कोणता मजला, कोणती दिशा, पाणी किती वेळ, स्टेशन किती मिनिटांवर? दोन्ही बाजूंनी सहसा न विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ही इमारत ज्या जमिनीवर उभी आहे, ती जमीन कोणाची?

चेंबूरमध्ये या प्रश्नाला जितकी वेगवेगळी उत्तरं मिळतात, तितकी मुंबईच्या फार थोड्या उपनगरांत मिळत असतील. इथं सिंधी आले, तमिळ आणि मल्याळी आले, सातारा-सोलापूरकडचे दलित आले, उत्तर भारतातले मुस्लिम आले. आगरी-कोळी आधीपासून होतेच. पण प्रत्येक समाज इथं वेगळ्या कागदावर टेकला. कुणाला पुनर्वसनाची सनद मिळाली, कुणाला गृहनिर्माण मंडळाचा गाळा, कुणाला कंपनीची क्वार्टर, कुणाला झोपडीचा नुसता फोटोपास. चेंबूरच्या वैविध्याचं कौतुक करताना ताटातल्या पदार्थांची यादी होते. हे वैविध्य जमिनीच्या कागदांतही उतरलेलं आहे, आणि घर घेणाऱ्याचा खिसा त्या कागदांवर ठरतो.

कचरागाडीच्या मागून लोकल

चिंबोऱ्या फार, म्हणून चेंबूर, अशी नावाची एक व्युत्पत्ती सांगतात. तुर्भे बेटाच्या वायव्य टोकाचं हे गाव. रेल्वे इथं माणसांसाठी आलीच नव्हती. कुर्ला ते चेंबूर हा एकेरी मार्ग 1906 मध्ये घातला गेला तो शहराचा कचरा वाहून आणायला. प्रवाशांना तो 1924 मध्ये खुला झाला. पुढं 1927 मध्ये दोन गोष्टी एकाच वर्षी झाल्या. देवनारला कचराभूमी सुरू झाली आणि चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब स्थापन झाला. एकाच परिसरात शहरानं आपला कचराही पाठवला आणि हिरवळही राखली. ही जोडी आजही तशीच आहे.

फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. लष्करी बराकींत आणि सरकारनं बांधलेल्या वसाहतींत त्यांची सोय झाली; ‘कॅम्प’ हा शब्द तेव्हा चिकटला तो पंच्याहत्तर वर्षांनंतरही सुटलेला नाही. 1954 च्या विस्थापित व्यक्ती (नुकसानभरपाई व पुनर्वसन) कायद्यानं अशा मालमत्ता निर्वासितांच्या नावावर करण्याची वाट मोकळी झाली. त्याच सुमारास माहुलच्या किनाऱ्यावर तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, तुर्भ्याला अणुऊर्जेचं केंद्र आलं, साठच्या दशकात खत कारखाना आला. या कारखान्यांना आणि प्रयोगशाळांना अभियंते, लघुलेखक, हिशेबनीस लागत होते. माटुंग्याला जागा पुरेनाशी झालेली दक्षिण भारतीय कुटुंबं चेंबूरला सरकली आणि त्यांनी सोसायट्या काढल्या. मराठी कामगार आणि कारकून टिळक नगर, सुभाष नगर, सहकार नगर अशा गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतींत आले. राज कपूरनं 1948 मध्ये आर. के. स्टुडिओ काढला तोही इथंच, कारण शहराबाहेर जागा मोकळी होती.

ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांची गोष्ट वेगळी झाली. अणुऊर्जा केंद्राला जागा हवी होती, म्हणून आणीबाणीच्या काळात, 1976 मध्ये, मानखुर्दची जनता कॉलनी पाडली गेली. सुमारे सत्तर हजार माणसं थोड्या अंतरावरच्या दलदलीत, आजच्या चीता कॅम्पात, नेऊन बसवली. या पाडकामाविरुद्धच्या लढ्यात पुढं असलेले जोकिन अर्पुथम पुढे झोपडपट्टीवासीयांच्या जागतिक चळवळीचे नेते झाले आणि 2000 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

एक कागद, जवळून

मालमत्ता पत्रक, बोलीत ‘प्रॉपर्टी कार्ड’, हा तसा रुक्ष कागद. वर गावाचं नाव आणि सिटी सर्व्हे नंबर, खाली क्षेत्र चौरस मीटरमध्ये, मग धारकाचं नाव, सत्ताप्रकार, आणि त्याखाली तारीखवार फेरफारांच्या नोंदी. घर बघायला गेलेली माणसं सॅम्पल फ्लॅटच्या मॉड्युलर किचनचे फोटो काढतात. या कागदाचा फोटो कोणी काढत नाही. खरं तर त्यातल्या दोन ओळींत व्यवहाराचं निम्मं भविष्य असतं.

धारकाच्या जागी सोसायटीचं नाव असेल तर उत्तम. तिथं अजून मूळ जमीनमालकाचं किंवा बिल्डरचं नाव असेल, तर कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीचं हस्तांतरण, झालेलं नाही. 1963 च्या मोफा, म्हणजे सदनिका मालकी कायद्यात 2008 च्या दुरुस्तीनं ‘मानीव अभिहस्तांतरण’, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची सोय आली. बिल्डर सही करत नसेल तर सोसायटी सक्षम अधिकाऱ्याकडे जाऊन जमीन नावावर करून घेऊ शकते. तरीही हे न केलेल्या जुन्या सोसायट्या गल्लोगल्ली आहेत. पुनर्विकासाची गोष्ट निघाली की त्यांना जाग येते.

‘भोगवटादार वर्ग-2’ असं दिसलं, की जमीन सरकारनं अटींवर दिलेली. अशा जमिनीवरच्या सोसायटीतला फ्लॅट विकताना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागतं. परवानगी न घेता झालेला जुना व्यवहार नव्या खरेदीदाराच्या गळ्यात येतो. 2019 च्या नियमांनी अधिमूल्य भरून वर्ग-1 करून घेण्याची सोय झाली, पण ती रक्कम सोसायटीनं भरायची असते आणि ती भरायला सगळे सभासद एका सुरात हो म्हणतील अशी सोसायटी अजून जन्माला यायची आहे.

म्हाडाची वसाहत असेल तर जमीन भाडेपट्ट्यावर. गावठाणातलं घर असेल तर पत्रकावर आजोबा, त्यांचे तीन भाऊ आणि मग वारसांची रांग. त्यातली एक आत्या नालासोपाऱ्याला, एक पुतण्या दुबईला. घाटल्याच्या गल्लीतलं घर एजंट ‘स्वस्तात’ म्हणून दाखवतो, बँक मात्र कर्ज द्यायला तयार नसते. स्वस्ताईचं कारण त्यातच असतं.

आणि झोपडपट्टी पुनर्वसन योजना असेल तर एकाच प्लॉटवर दोन फाटकं असतात. एका बाजूला पुनर्वसनाची इमारत, जिथं पात्र कुटुंबाला 300 चौरस फुटांचं घर मिळतं. दुसऱ्या बाजूला विक्रीची इमारत, जिचं नाव इटालियन वाटावं असं असतं. विक्रीच्या इमारतीतला ग्राहक स्विमिंग पूल बघून पैसे मोजतो. त्याच्या ताब्याची तारीख मात्र पुनर्वसनाच्या इमारतीच्या प्रगतीशी बांधलेली असते, हे त्याला सहसा नंतर कळतं.

पाडा आणि बांधा

आजचं चेंबूर म्हणजे हिरव्या जाळ्या आणि पत्र्याची कुंपणं. बंगल्यांच्या जागी इमारती आल्या, चार मजल्यांच्या जागी बावीस. आर. के. स्टुडिओला 16 सप्टेंबर 2017 रोजी आग लागली. 2019 मध्ये ती सुमारे सव्वादोन एकर जागा गोदरेज प्रॉपर्टीजनं विकत घेतली आणि तिथं निवासी प्रकल्प आला. देवनारचा राज कपूर यांचा बंगलाही 2023 मध्ये याच कंपनीकडे गेला.

पुनर्विकास हा चेंबूरकरांच्या बैठकीतला नेहमीचा विषय. ‘आम्हाला पस्तीस टक्के जादा देतायत’, ‘कॉर्पस किती?’, ‘भाडं किती महिन्यांचं आगाऊ?’ ही वाक्यं लग्नाच्या पंगतीतही ऐकू येतात. सहकार कायद्याच्या कलम 79(अ) खालच्या सरकारी सूचना 2009 मध्ये आल्या आणि 4 जुलै 2019 ला सुधारल्या गेल्या. त्यानुसार विशेष सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत आणि एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती पुरते. प्रकल्प सल्लागार नेमायचा, निविदा काढायच्या, निबंधकाच्या प्रतिनिधीसमोर विकासक निवडायचा, चित्रीकरण करायचं. कागदावर हे सगळं काटेकोर आहे. व्यवहारात पहिल्या मजल्यावरचे काका तीन वर्षं सही देत नाहीत, कारण त्यांना दुकानाची जागा कोपऱ्यावर हवी असते.

म्हाडाच्या वसाहतींत गणित आणखी मोहाचं असतं. विकास नियंत्रण नियमावली 2034 च्या कलम 33(5) खाली चटईक्षेत्र निर्देशांक तीनपर्यंत मिळतो आणि पुनर्वसनाचं घर किमान 35 चौरस मीटर कार्पेटचं असावं लागतं. दोनशे-सव्वादोनशे फुटांच्या गाळ्यात तीन पिढ्या काढलेल्या टिळक नगरच्या कुटुंबाला यातून बेडरूम असलेलं घर मिळतं, ही साधी गोष्ट नाही.

पण धोकेही तितकेच खरे. 27 डिसेंबर 2018 च्या संध्याकाळी टिळक नगरातल्या एका पुनर्विकसित उंच इमारतीला आग लागली आणि पाच जण दगावले, त्यात बहुतेक वृद्ध. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालत नव्हती आणि भोगवटा प्रमाणपत्रही (ओसी) नव्हतं, हे त्यानंतर पुढं आलं. ‘ओसी येईलच, तोवर ताबा घ्या’ असं सांगणारे बिल्डर आणि ते ऐकणारे रहिवासी सगळ्याच उपनगरांत आहेत. ओसी नसेल तर पाण्याची जोडणी, विमा, कर्ज, फेरविक्री सगळंच अडतं. अग्निशमन दलाची शिडी कितव्या मजल्यापर्यंत पोहोचते, हा प्रश्न त्याहून जिवाचा.

पुनर्विकास मध्येच थांबला तर काय होतं, ते पाहायला गोरेगावच्या सिद्धार्थ नगरात, म्हणजे पत्रा चाळीत जावं. 672 कुटुंबांचा करार 2008 मध्ये झाला. घरं पाडली गेली, पुढं भाडं बंद पडलं, प्रकरण तपास यंत्रणांकडे आणि न्यायालयात गेलं, आणि स्वतःच्या घराची वाट पाहण्यात माणसांची दशकाहून जास्त वर्षं गेली.

दीड कोटीचं गणित

‘राहायला नको, गुंतवणूक म्हणून घेतोय’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक सोपा हिशेब. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण रीत हीच.

समजा, फ्लॅट दीड कोटीचा. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह सहा टक्के, म्हणजे 9 लाख. नोंदणी फी 30 हजार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत, म्हणजे दीड लाख वाचतात. बांधकाम चालू असेल तर पाच टक्के जीएसटी, आणखी साडेसात लाख. ओसी मिळालेल्या घराला तो लागत नाही. पन्नास लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात एक टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी खरेदीदाराची.

आता एक कोटी वीस लाखांचं कर्ज, वीस वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता येतो महिना एक लाख चार हजारांच्या आसपास. भाडं चाळीस हजार धरलं तर वर्षाला चार लाख ऐंशी हजार, किमतीच्या 3.2 टक्के. त्यातून मेंटेनन्स, मालमत्ता कर, रंगरंगोटी आणि दोन भाडेकरूंमधला रिकामा महिना वजा केला की हाती अडीच टक्क्यांच्या आसपास उरतं. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना महापालिकेनं 1 जानेवारी 2022 पासून मालमत्ता कर माफ केला आहे, तेवढाच दिलासा.

म्हणजे भाड्यावर हा व्यवहार तरत नाही; किंमत वाढेल या भरवशावरच तो उभा असतो. घर राहायला घेणाऱ्याला हे चालतं, त्याला छप्पर मिळतं. तिसरा फ्लॅट घेणाऱ्यानं मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसावं. रेरा कायदा महाराष्ट्रात 1 मे 2017 पासून पूर्णपणे लागू आहे. ग्राहकांच्या पैशांपैकी 70 टक्के स्वतंत्र खात्यात ठेवण्याचं बंधन आणि कार्पेट एरियावरच विक्री, या दोन गोष्टींनी पुष्कळ लबाड्या कमी झाल्या. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकला की मूळची तारीख आणि वाढवलेली तारीख दोन्ही दिसतात. त्या दोहोंतलं अंतर पाहिलं की बिल्डरचं माहितीपत्रक वाचायची गरज कमी होते.

शेजारी कोण?

चेंबूरच्या एका जिन्यात दिवाळीचा कंदील, ओणमची फुलांची रांगोळी आणि चेटीचंडचा ताहिरी भात हे सगळं वर्षभरात होऊन जातं. पुनर्विकासानं ही सरमिसळ वाढवली, कारण विक्रीचे फ्लॅट पैसे मोजेल त्याला मिळतात. पूर्वी अख्खी इमारत एका बोलीची असायची. आता लिफ्टमध्ये तीन भाषा असतात आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर भांडण हिंदीत होतं.

पण दार सगळ्यांना सारखं उघडत नाही. आडनाव ऐकून ‘फ्लॅट गेला’ म्हणणारे मालक आहेत, एकट्या मुलीला भाडेकरू ठेवायला तीन वेळा विचार करणारे आहेत, स्वयंपाकघराची चौकशी करणारे तर पुष्कळ आहेत. कायदा इथं दोन तोंडांनी बोलतो. सहकार कायद्याचं तत्त्व खुल्या सभासदत्वाचं. अर्ज नाकारायचा तर कारण द्यावं लागतं. दुसरीकडे 2005 मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सोसायटीला उपविधीनं सभासदत्व एका समाजापुरतं ठेवू दिलं.

भाडेकरूच्या बाबतीत मात्र चित्र पुरेसं स्पष्ट आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची. फ्लॅट भाड्यानं दिला म्हणून सोसायटीला ना-वापर शुल्क लावता येतं, पण ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त नाही. फ्लॅट विकताना हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा 25 हजार. ‘आमच्या सोसायटीत पाच लाख डोनेशन आहे’ असं सेक्रेटरी सांगत असेल, तर तो नियम त्याच्या घरचा.

वारा पूर्वेकडून

बिल्डरची माहितीपुस्तिका सेंट्रल अव्हेन्यूच्या झाडांचे फोटो छापते. वारा फिरला की माहुलचा वास आणि देवनारचा धूरही याच पत्त्यावर येतो. महापालिकेच्या 2009 च्या मानवी विकास अहवालात शेजारच्या एम-पूर्व प्रभागाचा निर्देशांक होता 0.05, शहरात सर्वांत खाली. चेंबूरच्या महागड्या रस्त्यांपासून हा प्रभाग रिक्षानं दहा मिनिटांवर आहे.

देवनारच्या कचऱ्यानं एकदा अख्ख्या मुंबईतली नवी बांधकामं अडवली होती. 2016 च्या जानेवारीत कचराभूमीला मोठी आग लागली, शहरभर धूर पसरला. फेब्रुवारीच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयानं पुनर्विकास वगळता नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाकडून अटींवर मोकळीक मिळाली ती 2018 मध्ये. आता याच कचराभूमीतली 124 एकर जागा धारावी पुनर्विकासासाठी देण्याचा निर्णय झाला आहे.

माहुलची गोष्ट याहून बोचरी. तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडून हजारो कुटुंबं माहुलच्या प्रकल्पग्रस्तांच्या इमारतींत पाठवली गेली, कारखान्यांना लागून. राष्ट्रीय हरित लवादानं 2015 मध्येच तिथल्या हवेनं आरोग्याला धोका असल्याचं म्हटलं होतं. 2019 मध्ये उच्च न्यायालयानं या कुटुंबांना महिना 15 हजार भाडं आणि 45 हजार अनामत देण्याचे आदेश दिले. लोक निघून गेले आणि इमारती ओस पडल्या. शेवटी महापालिकेनं 2025 मध्ये इथली 225 चौरस फुटांची नऊ हजारांवर घरं आपल्याच कर्मचाऱ्यांना प्रत्येकी 12 लाख 60 हजारांना देऊ केली. मुंबई शहरात, फ्रीवेपासून जवळ, साडेबारा लाखांत घर! तरी अर्ज अगदी मोजके आले.

पाच मिनिटांवर मोनोरेल

वाहतुकीनं चेंबूरचे भाव वाढवले हे खरं. 2013 मध्ये पूर्व मुक्त मार्गाचा, म्हणजे फ्रीवेचा, पहिला टप्पा सुरू झाला आणि दक्षिण मुंबई हाकेच्या अंतरावर आली. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता रखडत रखडत एप्रिल 2014 मध्ये उघडला. त्याच वर्षी फेब्रुवारीत स्वतंत्र भारतातली पहिली मोनोरेल वडाळा ते चेंबूर धावली आणि जाहिरातींत ‘पाच मिनिटांवर मोनोरेल’ ही ओळ आली. ओळ टिकली, प्रवासी आले नाहीत. 19 ऑगस्ट 2025 च्या पावसात म्हैसूर कॉलनीजवळ गाडी उंचावर अडकली आणि शेकडो प्रवाशांना अग्निशमन दलानं खाली उतरवलं. 20 सप्टेंबर 2025 पासून आधुनिकीकरणासाठी सेवा थांबवण्यात आली. डायमंड गार्डन ते मंडाळे या मेट्रो टप्प्याची चाचणी त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झाली, तेव्हा एजंटांच्या पाट्यांवर ‘मोनो’च्या जागी ‘मेट्रो’ आलं.

येत्या दिवाळीच्या मुहूर्तावर चेंबूरमध्ये कुणाला घर बुक करायचं असेल, तर टोकनचा चेक लिहिण्याआधी एवढं करावं. सिटी सर्व्हे नंबर एजंटाकडून मागून घ्यावा. भूमी अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावर किंवा नगर भूमापन कार्यालयात थोडक्या शुल्कात मालमत्ता पत्रक मिळतं, ते काढावं. धारकाचं नाव आणि सत्ताप्रकार या दोन ओळी वाचाव्यात, आणि त्या समजल्या नाहीत तर पुढची भेट एजंटाऐवजी वकिलाची घ्यावी.